‘सूत्रं पाठ आहेत, पण गणित सुटत नाही’

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाची पहिली चाचणी झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. ‘प्रवेश कुठे घेऊ’ हे प्रश्न मागे पडतात आणि ‘फिजिक्स जमेना’ सुरू होतं. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या अशा पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : बारावीला फिजिक्समध्ये चांगले मार्क होते. एफवायच्या पहिल्या चाचणीत ४० पैकी ११ पडले. सूत्रं सगळी पाठ आहेत, सरांनी फळ्यावर सोडवलेलं गणित कळतं. पण नवीन गणित समोर आलं की पेन कुठे टेकवायचं तेच कळत नाही. — विद्यार्थी, तासगाव

उत्तर : पेन आधी चित्रावर टेकवा. बारावीपर्यंतची बरीच गणितं अशी असतात की चार संख्या दिलेल्या, पाचवी काढायची. सूत्र आठवलं की काम झालं. पहिल्या वर्षाच्या मेकॅनिक्समध्ये मुख्य सूत्र एकच, बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, आणि ते सगळ्यांनाच येतं. खरी मेख असते ती वस्तुमान कोणत्या वस्तूचं घ्यायचं आणि बलं कोणाकोणाची, यात.

तुमच्याच रस्त्यावरचं उदाहरण घेऊ. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या. भरलेली प्रत्येक ट्रॉली १० टनांची धरू, म्हणजे १०,००० किलो. रस्त्याचा आणि चाकांचा मिळून विरोध टनामागे ३०० न्यूटन, म्हणजे ट्रॉलीमागे ३,००० न्यूटन धरू. सपाट रस्त्यावर ट्रॅक्टर ०.२ मीटर प्रति सेकंद वर्ग इतक्या त्वरणाने वेग घेतोय. ट्रॅक्टर आणि पहिल्या ट्रॉलीमधल्या हुकावर ओढ किती? दोन ट्रॉल्यांच्या मधल्या हुकावर किती?

पुष्कळ जण इथे ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या एकाच चित्रात काढतात आणि सुचेल तिथे बाण मारतात. मग हुकाची ओढ एकदा पुढे, एकदा मागे येते, दोन्ही कटतात आणि जे काढायचं तेच नाहीसं होतं. त्याऐवजी मागच्या ट्रॉलीभोवती पेन्सिलीने एक बंद रेघ ओढा. आता जग एवढंच. या रेघेला बाहेरून कोण शिवतंय? पुढून हूक, खालून रस्ता. न शिवता लागणारं बल एकच, गुरुत्वाकर्षण. म्हणजे बाण चार : हुकाची ओढ पुढे, रस्त्याचा विरोध मागे, वजन खाली, रस्त्याचा आधार वर. पाचवा बाण नाही. ‘ट्रॉली पुढे चाललीय म्हणून एक गतीचं बल’ असा बाण हमखास काढला जातो. त्या बाणाला विचारा, तुला लावलं कोणी? उत्तर मिळालं नाही तर खोडून टाका. वस्तुमान गुणिले त्वरण हाही बाण नव्हे. तो बाकीच्या बाणांच्या बेरजेचा निकाल आहे.

आता आकडे. मागच्या ट्रॉलीला ०.२ त्वरण द्यायला निव्वळ बल २,००० न्यूटन लागतं. विरोध ३,००० चा. म्हणून मधल्या हुकावर ओढ ५,००० न्यूटन. मग रेघ पहिल्या ट्रॉलीभोवती ओढा. तिला मागचा हूक ५,००० ने मागे ओढतोय, रस्ता ३,००० ने, आणि निव्वळ २,००० हवेत. पुढच्या हुकावर १०,००० न्यूटन. पडताळा घ्यायचा तर दोन्ही ट्रॉल्यांभोवती मिळून एकच रेघ ओढा : २०,००० किलो गुणिले ०.२ म्हणजे ४,०००, अधिक विरोध ६,०००, पुन्हा १०,०००. रेघ बदलली तरी उत्तर बदललं नाही, म्हणजे चित्र बरोबर.

आता तोच ट्रॅक्टर एकाच वेगाने चाललाय. मधल्या हुकावर ओढ किती? ‘शून्य’ हे उत्तर हटकून येतं. शून्य आहे ते निव्वळ बल. ओढ ३,००० न्यूटन, विरोधाइतकी. आणि २० ला १ असा चढ लागला तर? प्रत्येक ट्रॉलीच्या वजनाचा विसावा भाग, म्हणजे सुमारे ४,९०० न्यूटन, उताराच्या दिशेने मागे खेचू लागतो. तेच ०.२ त्वरण टिकवायचं तर पुढच्या हुकावर जवळपास १९,८०० न्यूटन हवेत. डोळ्याला जेमतेम जाणवणाऱ्या चढाने ओढ दुप्पट केली. (अशा चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जाताना तुम्ही पाहिली असतील. मागचं चाक रस्त्याला जिथे टेकतं त्या बिंदूभोवती हुकाची ओढ ट्रॅक्टरला मागे कलंडवू पाहते. हूक जितका उंच, तितकं हे आघूर्ण (टॉर्क, म्हणजे बलाचा फिरवणारा परिणाम) मोठं. टॉर्कचा धडा आला की हे चित्र पुन्हा काढा.)

याच चित्रातली आणखी एक नेहमीची चूक : वजन आणि रस्त्याचा आधार यांना क्रिया-प्रतिक्रियेची जोडी समजणं. ती जोडी नव्हे. जोडीतली दोन बलं नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, आणि इथे दोन्ही बाण ट्रॉलीवरच आहेत. ट्रॉलीच्या वजनाची जोडी म्हणजे ट्रॉली पृथ्वीला वर ओढते ते बल. वजन आणि आधार सपाट रस्त्यावर सारखे असतात. चढावर नसतात, वेग बदलणाऱ्या लिफ्टमध्ये नसतात.

अभ्यासाचं म्हणाल तर सोडवलेली गणितं वाचणं बंद करा. वाचताना सगळं पटतं, हाताला मात्र काही येत नाही. उत्तराचा भाग वहीने झाका, चित्र काढा, २० मिनिटं अडकून राहा, मग एकच ओळ उघडा. आठवड्याला अशी दहा गणितं झाली तरी पन्नास वाचलेल्यांपेक्षा जास्त पदरात पडेल.

प्रश्न : उतारावरच्या ठोकळ्याच्या गणितात माझं उत्तर उणे आलं. पायऱ्या मैत्रिणीशी ताडून पाहिल्या, सगळ्या सारख्या. चूक कुठे? — विद्यार्थिनी, विटा

उत्तर : कॅल्क्युलेटरमध्ये. ३० चा साइन काढून बघा. ०.५ यायला हवा. उणे ०.९८८ आला तर तो अंशांऐवजी रेडियन या एककावर आहे; ०.४५४ आला तर ग्रॅड या एककावर, आणि ही चूक जास्त वाईट, कारण उत्तर उणे येत नाही, नुसतं थोडं चुकतं आणि संशयही येत नाही. पेपर हातात पडला की पहिलं काम ३० चा साइन. उलट कोनीय वेग आणि दोलनांच्या गणितात कोन सेकंदांनी गुणून येतो तिथे रेडियनच लागतात, तेवढ्यापुरता मोड बदला आणि परत आणा.

प्रश्न : साध्या लंबकाच्या प्रयोगात ‘जी’ची, म्हणजे गुरुत्वत्वरणाची, किंमत ९.७४ आली. गटातले सगळे म्हणतात ९.८१ येईल असे आकडे बसव, नाहीतर जर्नलवर सही होणार नाही. काय करू? — एफवाय बीएस्सी, कऱ्हाड

उत्तर : आकडे बसवू नका. एक तर ९.८१ ही कऱ्हाडची किंमत नाहीच. गुरुत्वत्वरण विषुववृत्ताजवळ कमी आणि ध्रुवाकडे जास्त असतं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि मधोमध किंचित फुगलेली आहे, म्हणून. ९.८०६६५ हा प्रमाण आकडा १९०१ मध्ये ठरवला गेला, तो साधारण ४५ अंश अक्षांशाचा, समुद्रसपाटीचा. आपण १७ अंशांच्या आसपास, वर समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंच. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज, कुठेही मोजा, किंमत ९.७८ च्या जवळ येते. तुमचे ९.७४ तिच्यापासून अर्ध्या टक्क्याहूनही कमी दूर आहेत.

आता हा अर्धा टक्का तुमच्या उपकरणाच्या आवाक्यातला आहे का, ते बघा. एक मीटर लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण दोलनाचा वेळ, दोन सेकंदांच्या किंचित वर. २० दोलनांना सुमारे ४०.२ सेकंद. स्टॉपवॉचचं बटण दाबताना हाताचा उशीर ०.२ सेकंद धरला तर आवर्तकालात अर्धा टक्का चूक. ‘जी’ काढताना आवर्तकालाचा वर्ग होतो, म्हणून चूक दुप्पट : एक टक्का, म्हणजे जवळपास ०.१. तेव्हा तुमचं उत्तर ‘९.७४, कमी-जास्त ०.१’ असं लिहिलं की ते पूर्ण होतं. या मापाने ९.७८ आणि ९.८१ यांतला फरक ओळखूच येणार नाही, मग ९.८१ ‘आणण्यात’ काय हशील? ५० दोलनं मोजा, तीच ०.२ सेकंदांची चूक १०० सेकंदांवर पसरते आणि ‘जी’तली चूक ०.४ टक्क्यावर येते.

उत्तर फारच लांब गेलं तर मात्र कारण शोधावं लागतं, आणि या प्रयोगात उत्तरच कारण सांगतं. ‘जी’ १०.८ च्या आसपास आला, तर मोजणी ‘एक’पासून सुरू झाली आहे. बटण दाबताना ‘शून्य’ म्हणायचं असतं; ‘एक’ म्हटलं की प्रत्यक्षात १९ च दोलनं होतात. ८.९ च्या आसपास आला, तर एक दोलन जास्त झालं. सगळी उत्तरं एकाच बाजूला एक टक्का कमी येत असतील, तर लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंतच मोजली आहे. लांबी टांगणीच्या बिंदूपासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत हवी. गोळ्याचा व्यास व्हर्नियरने घ्या, निम्मा करा, वरच्या हुकाची उंचीही मिळवा. टांगणीला दोरा नुसता खिळ्याला गुंडाळलेला असेल तर झुलताना बिंदू सरकतो. बुचाचे दोन अर्ध मध्ये दोरा धरून घट्ट आवळले की तो एका जागी राहतो.

वेळ गोळा टोकाला असताना सुरू करू नका. टोकाशी तो क्षणभर रेंगाळतो, नेमका कधी वळला ते कळत नाही. मध्यातून जाताना वेग सर्वांत जास्त, म्हणून खुणेवरून जाण्याचा क्षण नेमका पकडता येतो. टेबलावर खडूची रेघ मारा आणि गोळा त्याच दिशेने त्या रेघेवरून जाईल तेव्हाच मोजा. झोका लहान ठेवा : १० अंशांच्या झोक्याने आवर्तकाल ०.१९ टक्के वाढतो, २० अंशांच्या झोक्याने ०.७७ टक्के. गोळा सोडताना ढकलला गेला तर तो अंडाकृती फिरतो. थांबवून पुन्हा सोडा.

शेवटचं काम आलेखावर. आडव्या अक्षावर लांबी, उभ्यावर आवर्तकालाचा वर्ग. रेषा प्रत्येक ठिपक्यातून जाण्याची गरज नाही, ठिपके दोन्ही बाजूंना सारखे विखुरलेले असले की झालं. चढ काढायला रेषेवरचे दूरदूरचे दोन बिंदू घ्या, रीडिंगचे ठिपके नव्हे. ३९.४८ ला (चार गुणिले पायचा वर्ग) त्या चढाने भागलं की ‘जी’. चढ ४.०४ च्या जवळ यायला हवा, लांबी मीटरमध्ये असेल तर. गंमत अशी की गोळ्याची त्रिज्या मिळवायची राहिली तरी सगळी रेषा फक्त सरकते, चढ बदलत नाही, आणि ‘जी’ बरोबर येतो. म्हणूनच एकेका रीडिंगवरून सरासरी काढण्यापेक्षा आलेख भरवशाचा. सरकलेली रेषा शून्यातून जात नाही. तिथे पट्टी दाबून ती शून्यातून नेऊ नका. व्हायवात विचारलं तर ‘लांबी मोजताना त्रिज्या राहिली असावी’ हे उत्तर सुंदर आकड्यांपेक्षा जास्त मार्क देऊन जातं.

प्रश्न : लेकीचं दहावीपर्यंतचं शिक्षण गावात, मराठी माध्यमात झालं. आता सगळं इंग्रजीत. ती म्हणते विषय कळतो, प्रश्न कळत नाही. आम्हा दोघांना त्यातलं काही सांगता येत नाही. क्लास लावावा का? — पालक, म्हसवड

उत्तर : क्लासने ही अडचण जाईल असं वाटत नाही; एक शंभर पानी वही पुरेल. फिजिक्सच्या प्रश्नांचं इंग्रजी फार थोड्या शब्दांवर चालतं, पण ते शब्द गुपचूप अटी घालतात. ‘स्मूथ’ म्हणजे गुळगुळीत एवढंच नव्हे, घर्षण शून्य धरा. ‘लाइट’ दोरी म्हणजे दोरीला वस्तुमान नाही असं समजा, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना ओढ सारखी. ‘इनएक्स्टेन्सिबल’ म्हणजे दोरी लांबत नाही, म्हणून दोन्ही ठोकळ्यांचं त्वरण सारखं. ‘फ्रॉम रेस्ट’ म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य, ही एक दिलेली संख्याच आहे. ‘जस्ट बिगिन्स टु स्लाइड’ म्हणजे घर्षण आपल्या कमाल मर्यादेला पोचलंय. ‘युनिफॉर्म’ हा शब्द वेगाआधी आला तर त्वरण शून्य, दांड्याआधी आला तर गुरुत्वमध्य मधोमध. ‘हेन्स’ दिसलं की आधीच्या उपप्रश्नाचं उत्तर वापरायचं आहे. ‘शो दॅट’मध्ये उत्तर छापलेलंच असतं, मार्क पायऱ्यांना. वहीच्या डाव्या पानावर प्रश्नातलं वाक्य आणि उजव्या पानावर लेकीने तिच्या भाषेत त्याचा अर्थ, असं दोन महिने करा. शब्द शंभर-सव्वाशेच्या पुढे जाणार नाहीत.

दुसरी अडचण उलट्या बाजूची, आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. आपल्या रोजच्या मराठीतले शब्द शास्त्रात वेगळं काम करतात. बैलाच्या अंगात ‘शक्ती’ आहे असं आपण म्हणतो तेव्हा मनात बल असतं. शास्त्रात शक्ती म्हणजे पॉवर, सेकंदाला किती ज्यूल, आणि एकक वॉट. बाजारातलं किलोतलं ‘वजन’ हे शास्त्रातलं वस्तुमान. शास्त्रातलं वजन न्यूटनमध्ये. चाल आणि वेग हे बोलण्यात एकच, पण वेगाला दिशा असते, म्हणून गोल वळणावर काटा ४० वर स्थिर असला तरी वेग बदलत असतो. दोरीतल्या ‘टेन्शन’लाही ताण म्हणतात आणि ‘स्ट्रेस’लाही, पहिला न्यूटनमध्ये, दुसरा न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये. आणि डोक्यावर ५० किलोचं पोतं घेऊन तासभर जागच्या जागी उभा राहिलेला हमाल शास्त्राच्या हिशेबाने पोत्यावर शून्य कार्य करतो. तो दमतो, कारण त्याचे स्नायू आतल्या आत सतत आकसत-सैलावत असतात आणि त्याला ऊर्जा लागते. पोतं मात्र हललेलं नाही. हे मराठीतच बोलून घ्या. तिने तुम्हाला समजावून सांगितलं आणि तुम्हाला पटलं, तर तिला आलं असं समजा.

प्रश्न : मल्टिमीटरने सेलचं करंट मोजायला दोन्ही प्रोब सेलच्या टोकांना लावले. मीटर बंद पडला. सेलमध्ये एवढी ताकद असते? — विद्यार्थी, जत

उत्तर : असते. करंटच्या रेंजवर मीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो, म्हणजे तुम्ही सेल शॉर्ट केला. साध्या पेन्सिल सेलचा आतला रोध ओहमचा काही भाग असतो; त्यातून अँपिअरमध्ये करंट जातं आणि स्वस्त मीटरमधला २०० मिलिअँपिअरचा फ्यूज उडतो. मागचा स्क्रू काढा, काचेच्या नळीतला फ्यूज त्याच क्षमतेचा घाला. तांब्याची तार गुंडाळून चालवू नका. करंट मोजताना सर्किट तोडायचं आणि तुटलेल्या जागी मीटर घालायचा. व्होल्टेज मोजताना सर्किट न तोडता बाजूने लावायचा. १० अँपिअरच्या भोकाशी ‘अनफ्यूज्ड’ लिहिलेलं असतं, ते वाचा : तिथे उडायला फ्यूजही नाही. सर्वांत धोक्याची सवय म्हणजे करंट मोजून झाल्यावर लाल प्रोब त्याच भोकात ठेवणं. पुढचा विद्यार्थी व्होल्टेज मोजायला जातो आणि पॉवर सप्लाय शॉर्ट होतो.

प्रश्न : अकरावी-बारावीला माझं गणित कच्चं राहिलं. फिजिक्ससाठी नेमकं किती गणित लागतं? — विद्यार्थिनी, कोरेगाव

उत्तर : पहिल्या सत्राला वाटतं त्यापेक्षा कमी, पण जे लागतं ते हाताला सवयीचं हवं. डेरिव्हेटिव्ह म्हणजे आलेखाचा चढ आणि इंटिग्रेशन म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, हे दोन अर्थ आधी. साताऱ्याहून कऱ्हाडला निघालेल्या एसटीचा विचार करा. किलोमीटर दाखवणारा आकडा दर मिनिटाला वहीत लिहिला, तर लागोपाठच्या दोन आकड्यांच्या फरकावरून वेग मिळतो, हे डेरिव्हेटिव्ह. उलट फक्त वेगाचा काटा दर मिनिटाला टिपला, तर प्रत्येक मिनिटाचं अंतर मांडून बेरीज केली की कऱ्हाड किती लांब ते निघतं, हे इंटिग्रेशन. मिनिटाऐवजी सेकंद घेतला की उत्तर सुधारतं. शिकायचं राहिलं ते नियमांचं तंत्र : घातांक, साइन-कोसाइन, गुणाकाराचा आणि साखळीचा नियम. हे महिन्याभराचं काम.

व्हेक्टरचे घटक पाडणं रोज लागतं. त्यात चूक एकच होते, साइन की कोसाइन. कोन शून्य केला तर तो घटक नाहीसा व्हायला हवा की पूर्ण राहायला हवा, हे विचारा, उत्तर लगेच मिळतं. लहान कोनाचा साइन म्हणजे रेडियनमधला तो कोनच, हे ५ अंशांवर ताडून पाहा : ०.०८७२ आणि ०.०८७३. लंबकाचं अख्खं डेरिव्हेशन याच एका सोयीवर उभं आहे.

आणि एककं. घन सेंटिमीटरचे घन मीटर करताना १०० ने भागणारे दर वर्षी भेटतात. १० लाखांनी भागायचं असतं. पोलादाची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर म्हणजे ७,८५० किलो प्रति घन मीटर. १०० ने भागून ०.७८५ लिहिलं तर तुमचं पोलाद पाण्यावर तरंगेल.

प्रश्न : सोनोमीटरवर (पेटीवर दोन पाचरींमध्ये ताणलेल्या तारेवर) विजेची फ्रिक्वेन्सी काढायची होती. आमची १०० हर्ट्झ आली, शेजारच्या गटाची ४३. दोघांचंही चुकलं असं सांगितलं. दुसरं असं की आमच्या गल्लीत तंबोरे बनतात. सोनोमीटरचं सूत्र तंबोऱ्याला लागू पडतं का? — विद्यार्थी, मिरज

उत्तर : तुमचं चुकलेलं नाही, अर्धवट राहिलं आहे. तारेजवळ ठेवलेल्या विद्युतचुंबकाला ५० हर्ट्झची वीज मिळते, पण पोलादी तारेला उत्तर ध्रुव आणि दक्षिण ध्रुव दोन्ही सारखेच ओढतात. विजेच्या एका आवर्तनात चुंबक दोनदा जोरावर येतो, म्हणून तार सेकंदाला १०० वेळा ओढली जाते. तारेची १०० निघाली, की तिची निम्मी विजेची. पितळी तारेतूनच वीज सोडून ती नालचुंबकाच्या मध्ये धरली असती तर तार ५० नेच थरथरली असती, कारण तिथे करंटची दिशा उलटली की बलाचीही उलटते.

शेजारच्या गटाने हँगर, म्हणजे वजनं ज्यावर ठेवतात तो टांगता दांडा, विसरला. ०.५ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी तारेचं एका मीटरला वस्तुमान सुमारे १.५४ ग्रॅम. खाली २ किलो टांगले तर ओढ १९.५६ न्यूटन, आणि सुमारे ५६ सेंटिमीटर लांबीला तार १०० ने कंप पावते. आता अर्ध्या किलोचा हँगर धरलाच नाही आणि १.५ किलो लिहिले, तर त्याच लांबीला हिशेब ८६.६ चा निघतो, निम्मे ४३.३. अगदी त्यांचं उत्तर. कप्पी गंजलेली असेल तरीही तारेतली ओढ टांगलेल्या वजनाइतकी राहत नाही. वजन हाताने किंचित वर-खाली करून सोडा आणि दोन्ही वेळा रीडिंग तेच येतं का बघा. पाचरी जवळ ठेवून सुरुवात करा आणि हळूहळू लांब न्या, म्हणजे पहिला सापडणारा अनुनाद मूळ सुराचाच असेल. चुंबक मधोमध, तारेपासून काही मिलिमीटरवर. कागदाचा रायडर (तारेवर ठेवलेला घडीचा तुकडा) नुसता थरथरला की थांबायचं नाही, तो उडून पडेपर्यंत पाचर मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवायची.

तंबोऱ्याकडे येऊ. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तारेची कंपनं तिची लांबी, ओढ आणि मीटरमागचं वस्तुमान यांवरून सांगणारं सूत्र लागू पडतं, मूळ सुरापुरतं. खर्जाची तार षड्जाच्या तारांच्या एक सप्तक खाली, म्हणजे कंपनं निम्मी. लांबी, ओढ आणि धातू तेच ठेवले तर तारेचा व्यास दुप्पट हवा. खर्जाला पितळ घेतात, पण पितळ पोलादापेक्षा जेमतेम ८-१० टक्क्यांनी जड. वर्गमूळ काढलं की सुरात ४-५ टक्केच फरक पडतो. बाकीचा फरक जाडीने आणि ओढीने भरून काढावा लागतो.

सूत्र थकतं ते घोडीपाशी, म्हणजे तार जिच्यावर टेकते त्या पट्टीपाशी. सोनोमीटरची पाचर धारदार असते, तार एका बिंदूवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद, किंचित गोलाई दिलेली, आणि जवारी (तंबोऱ्याचा गुंजणारा नाद) लावताना तारेखाली दोरा सरकवून नेमकी जागा शोधतात. तार कंपताना घोडीला कधी जास्त, कधी कमी लांबीवर टेकते. पुस्तकातला नियम सांगतो की तार जिथे छेडली तिथे ज्यांचा निस्पंद (न हलणारा बिंदू) येतो ते स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबतचे वरचे सूर, उमटत नाहीत. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना दाखवलं की तंबोऱ्यावर आणि वीणेवर हा नियम मोडतो, आणि कारण ही घोडी.

हे दहा मिनिटांत करून पाहता येतं. सोनोमीटरची तार बरोबर मध्यावर छेडा आणि लगेच त्याच मध्यावर बोटाचा हलका स्पर्श करा. मूळ सूर विझतो आणि मागे जवळजवळ काही उरत नाही. वरच्या सप्तकाचा स्वरांश उमटलेलाच नसतो. हेच जवारी लावलेल्या तंबोऱ्यावर करा. बोट टेकल्यावरही वरचा सा वाजत राहतो. मग दोरा काढून घ्या आणि पुन्हा छेडा. मध्य नेमका सापडणं महत्त्वाचं, एक सेंटिमीटरही इकडेतिकडे झालं तर सोनोमीटरही वरचा स्वर ऐकवील. टेपने मोजून तारेखाली पेन्सिलीची खूण करा. आणि जर्नलमध्ये तुमच्या १०० च्या खाली एक ओळ वाढवा : तार पोलादी, म्हणून विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ.